बटन दाबणारी

"नेक्स्ट," सायली म्हणाली. मी बटन दाबलं. पडद्यावर माझी आई आली.

कॉलेजच्या सेमिनार हॉलचा पडदा भिंतभर. त्यावर आई भिंतीएवढी. अंगात मॅक्सी, खांद्यावर टॉवेल, केस सुटलेले, टँकरच्या पाइपाखाली कॅन धरून वाकलेली. तोंड उघडं, कारण ती तेव्हा शेजारणीला हाक मारत होती. फोटोच्या वर लाल अक्षरांत इंग्रजी मथळा होता. अस्वच्छ सवयी आणि जागृतीचा अभाव, असा त्याचा अर्थ.

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. "टॉवेल बघ, टॉवेल," असा एक आवाज आला. आमच्या गल्लीत बायका मॅक्सीवर टॉवेल घेतल्याशिवाय दाराबाहेर पडत नाहीत. तो त्यांचा पदर असतो. त्या हॉलमध्ये तो विनोद झाला.

मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "व्हेरी गुड फोटो. एकदम ऑथेंटिक. हीच मेंटॅलिटी असते ह्या लोकांची. कितीही पाणी द्या, स्वच्छता येत नाही."

"येस मॅम," सायली म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "नेक्स्ट."

मी बटन दाबलं. आई गेली आणि रंगीत आलेख आला.

मी तिथेच बसले होते, पडद्याच्या बाजूला, लॅपटॉपच्या मागे. ती माझी आई आहे हे हॉलमध्ये फक्त तिघांना माहीत होतं. सायलीला, आदित्यला आणि मला. ते दोघे माईकपाशी उभे होते आणि छान बोलत होते. माझं बोट त्या बटनावर तसंच होतं. मला ते तोडून टाकावंसं वाटलं. बटन नव्हे, बोट.

मी बटन दाबणारी कशी झाले ते सांगते.

शेवटच्या वर्षाला आम्हाला वस्तीचा अभ्यास करून त्यावर प्रेझेंटेशन द्यायचं असतं. तिघांचा ग्रुप. सायली खारघरच्या टॉवरमधली. आदित्य तिच्याच सोसायटीतला, तिच्याच शाळेतला. मी तळोज्याची, कारखान्यांच्या मागच्या भिंतीला लागून आमची गल्ली आहे तिथली. पप्पा जासईच्या यार्डात कंटेनरमधला माल उतरवतात. आई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते. दोघं परभणीकडून आलेले. मी पहिलीपासून मराठी शाळेत शिकले.

पहिल्याच दिवशी कामं वाटली गेली. सायली म्हणाली, "मी इंट्रो आणि फाइंडिंग्ज बोलते, डेटा आदित्य बोलेल. तू स्लाइड्स बनव आणि ऑपरेट कर. तुला बोलायचं टेन्शन नको." किती काळजी माझी! मी "हो" म्हणाले. सगळ्याच ग्रुपमध्ये हे असंच होतं. बोलणारे वेगळे आणि बटन दाबणारे वेगळे. बटन दाबणारे कोण, हे कळायला कुणाचं आडनाव विचारायची गरज नव्हती. आम्हीच असायचो. आमच्याशिवाय पडदा हलत नव्हता आणि गुण मात्र माईकला होते.

मॅडमनी आत्मविश्वासावर एक खास तास घेतला होता. खांदे सरळ ठेवा. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. हसरा चेहरा ठेवा. स्लाइडवर कमी शब्द लिहा, बाकी तुम्ही बोला. हे सगळं त्या माईकवाल्यांकडे बघून सांगत होत्या. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि ऑपरेटर्स, लक्ष ठेवा हां. स्लाइड मागेपुढे झाली तर स्पीकरचा कॉन्फिडन्स जातो." आमचा कॉन्फिडन्स कुठे जातो ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्याकडे तो असेल असं त्यांना वाटलंच नसावं.

खरं तर मला माईकची भीती नव्हती. आमच्या गल्लीतल्या विहारासमोर दर जयंतीला स्टेज लागतं. पाट ठेवून त्यावर उभी राहून मी त्या स्टेजवर बोललेय, माईक पोचत नव्हता तेव्हापासून. गल्ली गप्प होऊन ऐकायची. पप्पा मागे उभे राहून ओठ हलवायचे, कारण भाषण त्यांनाही पाठ झालेलं असायचं. ती मुलगी कॉलेजच्या फाटकातून आत आली आणि मुकी झाली. एकदा वर्गात उत्तर देताना अडखळले, मागून कुणीतरी माझ्या बोलण्याची नक्कल केली आणि सगळे हसले. त्यानंतर मी तोंडच उघडलं नाही.

अभ्यासाला वस्ती पाहिजे होती. मीच म्हणाले, "आमच्याकडे चला." मला वाटलं, घर बघतील, आईच्या हातचं खातील, मग जरा आपली समजतील. काय वेडी होते मी.

आईनं कॅन्टीनला खाडा केला. मुरमुऱ्यांचा सुशीला केला, वरून शेंगदाणे, कोथिंबीर. आमच्याकडे परभणीला पाहुण्यांना तोच करतात. चांगल्या प्लेटा शेजारच्या शोभामावशीकडून आणल्या. कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणली. मी त्या भरलेल्या प्लेटांचा फोटो काढून स्टेटसला टाकला. एवढा आनंद झाला होता मला.

पण ते सांगितल्या वेळेच्या आधीच आले आणि नेमका तेव्हाच टँकर आला. आमच्याकडे टँकर आला की पाहुणे, ताप, मयत, सगळं मागे ठेवून कॅन उचलायचे असतात. आई मॅक्सीवर टॉवेल टाकून धावली. सायलीनं मोबाइल वर केला. आईनं तिला बघितलं आणि लाजून म्हणाली, "थांब माय, असा नगं काढू, साडी नेसून येते." कॅन तिथेच माझ्याकडे देऊन ती आत पळाली. हिरवी साडी नेसून आली, जयंतीला नेसते ती. केस विंचरलेले, कुंकू नाही, आमच्याकडे लावत नाहीत, पण तोंडाला पावडर. दारात सरळ उभी राहिली. "आता काढ. आता नीट हाय."

"हो हो काकू," म्हणत सायलीनं एक फोटो काढला.

आत आल्यावर आदित्यनं भिंतीवरची तसबीर बघितली, खाली लावलेली निळी पताका बघितली. म्हणाला, "अच्छा, तुम्ही ते का."

आई अभिमानानं म्हणाली, "हो, बाबा." तिला तो प्रश्न वाटला. मला कळलं तो काय होता. त्यानंतर दोघांनी पलंगाच्या कडेवर बूड टेकवलं न टेकवलं आणि सुशीलाच्या प्लेटला हात लावला नाही. "आम्ही बाहेरचं खात नाही, काकू." कोल्ड्रिंकही नको म्हणाले. मी त्यांना नाक्यापर्यंत सोडायला गेले. तिथे टपरीवर त्यांनी वेफर्स घेतले, कोल्ड्रिंक घेतलं आणि माझ्यासमोर उभं राहून प्यायले. तेच कोल्ड्रिंक. बाटली मात्र आमच्या घरातली नव्हती.

परत आले तर आई प्लेटांमधला सुशीला पातेल्यात ओतत होती. म्हणाली, "पोटं भरली असतील लेकरायची."

स्लाइड्स मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून बनवल्या. वस्तीच्या पानावर आईचा हिरव्या साडीतला फोटो लावला आणि खाली लिहिलं, सुमनबाई, कॅन्टीन कामगार. सायलीला पाठवलं. सरावाच्या प्रेझेंटेशनच्या दिवशी ती पेनड्राइव्ह घेऊन आली, "थोडे चेंजेस केलेत" म्हणाली. ते चेंजेस काय होते, ते मला सगळ्या हॉलबरोबर बटन दाबल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी घरी गेले. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दावलास का गं माझा फोटू?"

"हो."

"मोठा दिसला का?"

"खूप मोठा."

"साडी दिसली?"

मी मोरीत गेले आणि नळ नसलेल्या त्या मोरीत तोंडात ओढणी कोंबून रडले. जीव द्यावासा वाटला. खरंच वाटला, उगाच लिहीत नाही. एवढं शिकून मी केलं काय, तर स्वतःच्या आईला लोकांच्या हसण्यापुढे उभं केलं, ते पण स्वतःच्या हातानं बटन दाबून.

दुसऱ्या दिवशी सायलीला गाठलं. "तो फोटो काढ."

"अगं, पर्सनली का घेतेस? इट्स अ गुड पिक्चर. साडीतला फोटो एकदम स्टुडिओसारखा वाटतो. त्यात प्रॉब्लेम दिसत नाही."

"माझ्या आईत तुला प्रॉब्लेम दिसायला पाहिजे?"

ती डोळे मोठे करून बघत राहिली आणि मॅडमकडे गेली. मॅडमनी बोलावलं. आवाज एकदम गोड. "हे बघ बेटा, हे डॉक्युमेंटेशन आहे. इमोशनल होऊ नये. एवढा त्रास होत असेल तर वेगळी हो, एकटी कर. पण एकटीला सगळं स्वतः बोलावं लागेल, बाहेरून परीक्षक येणार आहेत. झेपेल का तुला? फेल झालीस तर वर्ष अडकेल." मग फाइल बंद करत म्हणाल्या, "तुमच्यासारख्या मुलींना इथपर्यंत यायला मिळालंय, त्याची किंमत ठेवा."

मी म्हणाले, "एकटी करते." बाहेर येऊन भिंतीला टेकले तेव्हा कळलं, मी काय बोलून बसले. पप्पा यार्डात सगळ्यांना सांगत फिरत होते की पोरगी ह्या वर्षी पदवीधर होणार.

विषय काय घ्यावा सुचेना. वस्तीवर बोलावं तर तेच टँकर, तेच गटार, तीच दया. मी शोभामावशीला सहज विचारलं, आपल्याकडे अभ्यासाला, सर्व्हेला लोक येतात, ते कसे वागतात गं? ती भडाभडा बोलायला लागली. मग तिची शेजारीण. मग पलीकडची. ह्या बायकांना आजवर सगळ्यांनी विचारलं होतं की तुम्हाला त्रास काय आहे. विचारणाऱ्यांचा त्रास काय, हे कुणी विचारलं नव्हतं. मला विषय मिळाला. आमच्या गल्लीत अभ्यासाला आलेली माणसं. ते आमचा अभ्यास करतात, मी त्यांचा करणार.

बायकांचे फोटो काढले. प्रत्येकीला आधी विचारलं, कसा काढू? कुणी साडी बदलली, कुणी नातवाला मांडीवर घेतलं. एकीनं चष्मा घातला आणि एकीनं काढला. सगळं मोबाइलवरच बनवलं, लॅपटॉप कुठला. जयंती कमिटीचा प्रोजेक्टर विहारात होता. रविवारी वंदना झाल्यावर भिंतीवर लावला आणि मी उभी राहिले. इंग्रजीतली सुरुवात पाठ केली होती. रिस्पेक्टेड एक्झामिनर, टीचर्स अँड डिअर फ्रेंड्स. तिथपर्यंत नीट जायची, पुढच्या वाक्याला अडायची. पुन्हा तेच, पुन्हा तिथेच. बायका बिचाऱ्या ओळीनं बसलेल्या. शेवटी शोभामावशी म्हणाली, "अगं, आपल्या तोंडानं बोल ना. हे कोन बोलायलंय तुझ्यातून?"

मला तिचाच राग आला. "तिथं आपलं तोंड चालत नाही मावशी!" असं मी ओरडले. विहारात ओरडले. मी प्रोजेक्टर बंद केला. माझं काही होणार नाही, हे मला तेव्हा पक्कं वाटलं होतं.

परीक्षेचा दिवस. परीक्षक दुसऱ्या कॉलेजचे, टाय लावलेले, सारखे घड्याळ बघणारे. पहिला नंबर सायलीच्या ग्रुपचा. मॅडमनी इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "तू रिकामीच आहेस ना? जरा ह्यांच्या स्लाइड्स चालव."

"नाही."

"काय?"

"मी नाही चालवणार, मॅडम."

हॉलमधली कुजबुज थांबली. मॅडमचं तोंड लाल झालं, पण परीक्षक बघत होते. आदित्य स्वतः लॅपटॉपशी गेला. त्याला स्लाइड पुढे नेता येईना, दोनदा मागे गेली. मग तो फोटो आला. लाल मथळा, मॅक्सी, टॉवेल. मी उभी राहिले. ठरवून नाही, पायच उभे राहिले.

"ही माझी आई आहे. तिनं हा फोटो काढू नको म्हणून सांगितलं होतं."

माझा आवाज चिरका निघाला. सायली बोलता बोलता थांबली. परीक्षक म्हणाले, "प्लीज सिट डाउन. तुमची वेळ येईल तेव्हा बोला." मी म्हणाले, "फोटो जाईपर्यंत बसणार नाही." आदित्यनं घाईनं पुढची स्लाइड आणली. मी बसले.

माझी वेळ आली. पुढे गेले. खांदे सरळ करायला गेले तर ते थरथरत होते. रिस्पेक्टेड एक्झामिनर मनात घोळवत माईक हातात घेतला, तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "सन्माननीय विचारपीठ आणि माझ्या बंधू-भगिनींनो..."

जयंतीच्या स्टेजवर आम्ही असंच सुरू करतो. पाटावर उभी राहायचे तेव्हापासून हेच. हॉल फुटला. मुलं बाकं बडवून हसायला लागली. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "हे काय जयंतीचं भाषण आहे का?"

मला वाटलं, संपलं. जमीन दुभंगावी आणि मी जावं. इंग्रजीचं एक वाक्य आठवेना. मी मॅडमकडे बघितलं, डोळ्यांत बघा असं त्यांनीच शिकवलं होतं. बघत राहिले. त्यांचं हसू हळूहळू गेलं. मी म्हणाले, "हो मॅडम. मी बोलायला तिथेच शिकले. इथे मला कुणी बोलू दिलं नाही."

आणि मग मी मराठीतच बोलले. पहिली स्लाइड, आई हिरव्या साडीत, खाली नाव. दुसरी, शोभामावशी. "नाकाला रुमाल लावून इचारत व्हते, काय तरास हाय. म्या म्हनलं, आदी रुमाल काढा." तिसरी, मंदामावशी. "लेकरायला बिस्कीट दिलं, पन पुडा फोडायच्या आदी फोटू काढला." चौथी, गल्लीतल्या, मूळच्या कोकणातल्या एक आजी. "दारातून वाकून बघितलान नि गेला. बस म्हटलं तर बसला नाय." आणखी एक. "नाव? नाव कुनी नाही इचारलं." शेवटच्या दोन स्लाइड आमच्या ग्रुपच्या. एकीवर भरलेल्या प्लेटांचा तो फोटो आणि खाली, हे आम्ही खाल्लं नाही. दुसरीवर फोटो नव्हता. फक्त एक वाक्य, जसं बोललं गेलं तसं. "अच्छा, तुम्ही ते का."

मध्ये दोनदा अडखळले. एकदा रडू आलं, गिळलं. कुणी हसलं नाही आणि कुणी टाळीही वाजवली नाही. परीक्षक म्हणाले, "ही सगळी ओपिनियन्स आहेत. डेटा कुठे आहे?"

मी म्हणाले, "सर, आधीच्या मथळ्याला डेटा होता का?"

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या ग्रुपला बोलावलं.

दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आता आवाज गोड नव्हता. "सर फेल करतायत तुला. मी त्यांच्याशी बोलले. शेवटच्या दोन स्लाइड काढून उद्या फाइल पुन्हा दे, सायली आणि आदित्यला सॉरी म्हण, पासिंगपुरते मार्क देतील. कॉलेजमध्ये जात आणायची नाही."

"मी आणली?"

"उद्या सकाळपर्यंत सांग."

घरी सगळं सांगितलं. मॅक्सीच्या फोटोसकट, पहिल्यांदाच. पप्पा उठून बाहेर जाऊन उभे राहिले. आईनं हातातली भाकरी परातीत ठेवली. मग म्हणाली, "हसले का लई?" मी मान हलवली. तिनं डोळे पुसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "दोनच तर चित्रं काढायचीत. काढ की माय. राहू दे तो फोटू बी. मला काय होतंय? आमचा जलम गेला असा. तू पास हो. म्हन सॉरी आन् मोकळी हो."

हे मला सगळ्यांत जास्त लागलं. हॉल हसला त्यापेक्षा जास्त. मॅडमना उत्तर देता येतं. आई पाया पडल्यासारखी गुडघ्याला धरून म्हणते, माझा अपमान राहू दे, तेव्हा काय उत्तर द्यायचं? तिच्या हातावर हात ठेवून बसले.

सकाळी गेले आणि सांगितलं, "काढणार नाही. सॉरी म्हणणार नाही." मॅडम म्हणाल्या, "ॲज यू विश." निकालात माझ्यापुढे नापास आलं. सायली आणि आदित्य चांगल्या गुणांनी पास झाले. आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. पप्पांनी यार्डात काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही. रोज सकाळी उठल्यावर वाटतं, आपण चुकलो का. आतासुद्धा हे लिहिताना वाटतंच.

पुढच्या सत्रात पुन्हा परीक्षा आहे. मी बसणार आहे. त्याच हॉलमध्ये, त्याच मॅडमसमोर. तीच फाइल घेऊन, त्या दोन स्लाइडसकट. वाक्यं अडकतील, लोक हसतील. मी बोलणार. पुन्हा नापास करा. मी त्याच्या पुढच्या सत्रातही येईन.